कोणाची प्रजा?

मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाका. १९०८ सालचा जुलै आहे, तुम्ही बसऱ्यात आहात, आणि या गावात सूर्य मावळला की बारा वाजतात. दिवस तिथून मोजायचा. कचेरी, न्यायालय, बाजार, सगळं या हिशेबाने चालतं. शत्त-अल-अरबच्या पात्रात नांगर टाकलेल्या मुंबईच्या आगबोटीवरचं घड्याळ मात्र निराळं. तुम्ही अशारच्या धक्क्याजवळ एका खजुराच्या पेढीवर कारकून आहात, म्हणून दोन्ही वेळा सांभाळणं हा तुमच्या नोकरीचाच भाग आहे.

पेढीबाहेर या. तैग्रिस आणि युफ्रेटिस एकत्र होऊन इथून समुद्राकडे जातात, आणि दिवसातून दोनदा समुद्राची भरती ते गोडं पाणी मागे रेटते. हे पाणी शेकडो पाटांमधून आपसूक खजुराच्या बागांत शिरतं. मोट नाही, रहाट नाही. अशारच्या खाडीतून लांब, निमुळत्या होड्या बसरा गावाकडे निघाल्या आहेत. त्यांना इथे बलम म्हणतात. ओहोटी लागली की त्याच होड्या चिखलात कलंडून पडतात आणि नावाडी काठावर चहाचे छोटे पेले घेऊन भरतीची वाट बघत बसतात. दोन्ही बाजूंच्या घरांचे माडीवरचे लाकडी जाळीदार सज्जे पाण्यावर झुकलेले आहेत. आतल्या बायकांना रस्ता दिसतो, रस्त्याला बायका दिसत नाहीत. या सज्ज्यांसाठी आणि होड्यांसाठी सागवान मलबारहून येतं. जुलैत भिंती रात्रीसुद्धा तापलेल्या असतात, म्हणून सगळं गाव गच्चीवर झोपतं.

बाजारात चाला. रुप्यावर नक्षी कोरणारा कारागीर साबियन आहे. त्याच्या धर्मात वाहत्या पाण्यात बुडी घेणं हा मोठा संस्कार. त्याच्या पलीकडे बगदादी ज्यूंची कापडाची दुकानं, आर्मेनियन दलाल, झुबैरच्या वाळवंटी गावातून आलेले सुन्नी व्यापारी, इराणी हमाल. लग्नघरी ढोल वाजवायला ज्यांना बोलावतात ते काळे बसरावासी पूर्व आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांचे वंशज आहेत. त्यांच्या मूळ गावाची नोंद कोणत्याही दफ्तरात नाही आणि ती शोधण्याची तसदी कोणतंही सरकार घेणार नाही. ही जखम बाजाराच्या गजबजाटात झाकली जाते, म्हणून मुद्दाम दाखवून ठेवतो.

तुमच्या पेढीचा अर्धा पत्रव्यवहार मुंबईशी आहे. १८६२ पासून ब्रिटिश इंडिया कंपनीच्या आगबोटी टपाल घेऊन मुंबई-बसरा करतात. इथून खजूर जातो, अरबी घोडे जातात, आखातातले मोती जातात. मोती बहरीन-कुवेतच्या समुद्रातले, पण बाजारपेठ बसऱ्याची. तिकडे कोकणात आणि पुण्यात नथीत बसरा मोती असला की त्या घराची ऐपत कळते. उलट दिशेने तांदूळ, कापड, मसाले, लाकूड येतं. बगदादचे डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत जाऊन स्थिरावले ते आखाताच्या याच वाटेने. ज्या उस्मानी सुलतानाची तुमच्या गावावर सत्ता आहे, त्याचं इस्तंबूल तुम्हाला कधी दिसलेलं नाही. मुंबई पाहिलेली माणसं मात्र प्रत्येक चहाच्या दुकानात भेटतात.

आता, तुम्ही कोण?

मशिदीत विचारलं तर शिया. पेढीवर विचारलं तर अबू अल-खसीबचे, कारण तुमचा जन्म तिथल्या खजुराच्या बागांमधला. आईचं माहेर नदीपलीकडे मोहम्मरात. ते इराणच्या शाहचं राज्य, पण तिथला शेख खजअल अरब आहे आणि तुमचे मामा घरात अरबीच बोलतात. सणावाराला बलममध्ये बसून तुम्ही साम्राज्य ओलांडता आणि जेवायच्या वेळेला परत येता. आजोबा इराणमधल्या शुश्तरहून आले, वडील बसऱ्यातच जन्मले. कचेरीत तुर्की लागतं, ते तुम्हाला कामापुरतं येतं. यातलं एक उत्तर खरं आणि बाकीची खोटी असं तुम्हाला कधी वाटलं नाही.

फक्त एक कागद आहे. तो आईच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. आजोबांनी इराणच्या वकिलातीतून तो घेतला, कारण उस्मानी सैन्यात भरती झालेली पोरं येमेनच्या डोंगरांत जायची आणि त्यातली कितीतरी परत येत नसत. इराणी प्रजेला भरती लागू नव्हती. ज्यांच्या सात पिढ्या इराक सोडून कुठे गेल्या नव्हत्या अशा अरब घरांनीही हा कागद मिळवला. मुलगा वाचवणं हा त्यामागचा सरळ हेतू होता. शाहवरचं प्रेम वगैरे काही नव्हतं. सरकारलाही हे कळत होतं. उस्मानी स्त्रीने इराणी पुरुषाशी लग्न करू नये असा नियम १८७४ मध्ये इस्तंबूलने पुन्हा बजावला, आणि असं लग्न झालंच तर मुलं सुलतानाची प्रजा, असं ठरवून टाकलं. लष्कराला शिपाई हवे होते, एवढंच त्याचं कारण नव्हतं. सुन्नी खलिफा असलेल्या सुलतानाला आपल्या सीमेवर शिया वाढण्याची धास्ती होती. घराच्या उंबऱ्याच्या आत राज्य असं शिरतं.

जुलैच्या अखेरीस तार येते. सुलतान अब्दुल हमीदने तीस वर्षं गुंडाळून ठेवलेली राज्यघटना पुन्हा लागू केली आहे. आधी कोणाचा विश्वास बसत नाही. मग वर्तमानपत्रं निघू लागतात, चहाच्या दुकानात ती मोठ्याने वाचली जातात, आणि बसऱ्यातून निवडून गेलेले प्रतिनिधी इस्तंबूलच्या संसदेत बसतात. त्यांत नकीब घराण्याचे सय्यद तालिब आहेत. प्रेषिताच्या वंशजांच्या प्रमुखाचं हे घर, पैसा आणि माणसं दोन्ही हाताशी. तालिबना गावातले लोक भितात आणि त्यांच्या दारात रांगही लावतात. तुम्ही पहिल्यांदाच ‘आम्ही उस्मानी’ असं अभिमानाने म्हणता. मला हा क्षण फार महत्त्वाचा वाटतो, कारण पुढच्या इतिहासाने तो पुसून टाकला. अरबांनी तुर्कांचं जोखड चारशे वर्षं निमूट सोसलं आणि एके दिवशी ते जागे झाले, अशी गोष्ट पुढे शाळांतून शिकवली जाणार आहे. १९०८ च्या उन्हाळ्यात बसऱ्यातल्या शिकलेल्या तरुणाला साम्राज्य मोडायचं नव्हतं, त्यात बरोबरीने बसायचं होतं.

ते बसणं जमत नाही. नवे राज्यकर्ते सगळं इस्तंबूलहून चालवू पाहतात. न्यायालयात तुर्की, शाळेत तुर्की. ज्या शेतकऱ्याचा दावा चालू आहे त्यालाच आपल्या दाव्यात काय चाललंय ते कळत नाही. १९०९ पासून ख्रिस्ती आणि ज्यूंनाही सैन्यभरती लागू होते. १९१३ मध्ये तालिब आणि त्यांचे साथी सुधारणा संघटना काढतात आणि मागण्या मांडतात: कारभार आणि शिक्षण अरबीत, प्रांताचे निर्णय प्रांतात. त्याच वर्षी जूनमध्ये बसऱ्याचा लष्करी अधिकारी फरीद बे याची हत्या होते. गावात सगळे एकच नाव कुजबुजतात आणि सिद्ध काहीच होत नाही.

नोव्हेंबर १९१४. तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरलं आहे. ६ तारखेला नदीच्या मुखाशी, फावला, हिंदुस्थानातून आलेली फौज उतरते. उस्मानी अंमलदार बसरा सोडून निघतात आणि मधल्या एक-दोन दिवसांत बाजार लुटला जातो. तुम्ही पेढीच्या हिशेबाच्या वह्या पोत्यात भरून घरी आणता. मग फौज आत येते. फौजेबरोबरचे राजकीय अधिकारी सर पर्सी कॉक्स अरबीतून जाहीरनामा वाचतात की तुर्की अंमल संपला.

या फौजेचं नाव सहावी पुणे डिव्हिजन. गोरे अंमलदार, गोऱ्यांच्या काही पलटणी, आणि बाकी सगळे हिंदी शिपाई. त्यांत ११०वी मराठा लाइट इन्फन्ट्री आहे, ११७वी मराठा पलटण आहे. खाडीच्या काठाने पाठीवर बोजा घेऊन चाललेली सातारा-रत्नागिरीकडची पोरं एकमेकांशी काय बोलतात ते बसऱ्यातल्या कारकुनाला कळत नाही. तुमच्यातल्या वाचकाला कळतं. घरच्या पेरणीबद्दल, पत्राबद्दल, पायांना आलेल्या फोडांबद्दल बोलताहेत ते. आपण इथे कोणासाठी आलो, हा प्रश्न त्यांनाही कोणी विचारलेला नाही. एका साम्राज्याची प्रजा दुसऱ्या साम्राज्याच्या प्रजेचं गाव घ्यायला पाठवली गेली, आणि दोघांनाही त्यात निवड नव्हती. पुढची चार वर्षं, इतिहास जिला ब्रिटिशांची मोहीम म्हणतो ती, बरीचशी या पायांवर चालली.

एप्रिल १९१५ मध्ये गावापासून जवळच, शुऐबाच्या माळावर, तीन दिवस लढाई होते. तुर्की सैन्याबरोबर टोळ्यांचे हजारो लढवय्ये आहेत. नजफच्या मुज्तहिदांनी खलिफाच्या बाजूने धर्मयुद्धाची हाक दिली आहे. शिया धर्मगुरू सुन्नी खलिफासाठी बाहेर पडले, ही गोष्ट नीट लक्षात ठेवा. पुढे या देशाबद्दल फार सोपी विधानं ऐकायला मिळतील, तेव्हा उपयोगी पडेल. लढाई हरल्यावर तुर्की सेनापती सुलेमान अस्करी स्वतःवर गोळी झाडून घेतो. मग इंग्रज बगदादकडे झेप घेतात, मागे रेटले जातात आणि कुत या गावात अडकतात. १४७ दिवसांचा वेढा, शेवटी घोडे कापून खाण्याची वेळ. २९ एप्रिल १९१६ ला सुमारे तेरा हजार माणसं शरण जातात, त्यांतले बहुतेक हिंदी. कैदेतल्या पायपिटीत आणि छावण्यांत त्यांतले हजारो मरतात. त्याआधीच्या महिन्यांत, त्यांना सोडवायच्या धडपडीत जखमी झालेल्यांनी भरलेल्या बोटी तुम्ही अशारच्या धक्क्याला लागताना पाहिल्या आहेत. त्या वासाने बाजार दुपारीच बंद व्हायचा.

बसऱ्याजवळ या मोहिमेतल्या ज्यांची कबर सापडली नाही अशा ४०,००० हून अधिक सैनिकांचं स्मारक १९२९ मध्ये उभं राहिलं. त्यावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आहेत, हिंदी अंमलदारांचीही. साध्या हिंदी शिपायांची नावं दगडावर नाहीत. पलटणीचं नाव आणि किती मेले तो आकडा. रत्नागिरीच्या एखाद्या गावात ज्याची आई पंधरा वर्षं वाट बघत होती, तो तिथे एका आकड्यात आहे. हे मला आजही सहन होत नाही.

युद्धाच्या या वर्षांत तुमचं गाव ओळखू येईनासं होतं. नदीच्या मध्यावर बोटी उभ्या करून होड्यांनी माल उतरवायची पद्धत मागे पडते. मअकिलला पक्के धक्के बांधले जातात, रूळ पडतात. मजूर इराणी, अरब, हिंदी. हिंदुस्थानच्या तुरुंगांतून आणलेल्या कैद्यांच्या तुकड्याही आहेत. न्यायालयात हिंदी कायद्यांवर बेतलेली संहिता आली. लिरा गेली, रुपये आणि आणे आले. पेढीवर तुम्ही हिशेबाची नवी वही घालता. १९१८ मध्ये टपालाचं नवं तिकीट हातात पडतं: चित्र उस्मानी, कारण छापलेली तिकिटं उरली होती; त्यावर इंग्रजीत ‘ब्रिटिशांच्या ताब्यातला इराक’ अशा अर्थाचा शिक्का; आणि किंमत आण्यांत. असं तिकीट चिकटवून तुम्ही मामांना मोहम्मराला पत्र पाठवता. आर्नल्ड विल्सनसारखे अधिकारी तर हा सगळा मुलूख हिंदुस्थानला जोडावा आणि पंजाबी शेतकरी आणून वसवावेत असा विचार मांडत होते. ते झालं असतं तर तुम्ही कदाचित मुंबई किंवा दिल्लीच्या सरकारची प्रजा ठरला असता. हसण्यावारी नेऊ नका. या नदीकाठी याहून अजब गोष्टी घडल्या आहेत.

युद्ध संपल्यावर इंग्रज लोकांना विचारतात, तुम्हाला कसलं राज्य हवं? म्हणजे फक्त पुढाऱ्यांना विचारतात, अशी ही विचारणा. १९२० मध्ये सान रेमोच्या परिषदेत इराकचं पालकत्व ब्रिटनकडे जातं आणि युफ्रेटिस नदीच्या मधल्या पट्ट्यात उठाव पेटतो. बसरा त्या मानाने शांत राहतं, आणि त्याबद्दल त्याला पुढे बोल लावला गेला. पण बसऱ्याची चिंता वेगळी होती. बगदाद दूर, त्याची भूक मोठी, आणि बंदराचा पैसा आमचा. जून १९२१ मध्ये गावातल्या प्रतिष्ठितांनी पर्सी कॉक्स यांच्याकडे अर्ज दिला: इराकशी एकाच राजाखाली जोडलेले राहू, पण आमचं कायदेमंडळ वेगळं असू द्या, आमचा पैसा आम्हाला खर्चू द्या. अर्ज करणाऱ्यांत श्रीमंत बागायतदार आणि व्यापारी होते, त्यांचा स्वार्थ उघड होता. तरी स्वतःच्या गावाला नाव आणि मत असावं ही इच्छा खोटी ठरत नाही. अर्ज बाजूला ठेवला गेला.

तालिब तेव्हा गावात नव्हते. युद्धाच्या सुरुवातीला इंग्रजांनी त्यांना हिंदुस्थानात धाडलं होतं. परतल्यावर ते हंगामी सरकारात गृहमंत्री झाले आणि इराक इराकींचा अशी भाषा करू लागले. एप्रिल १९२१ मध्ये बगदादला लेडी कॉक्स यांच्याकडे चहाला गेले आणि बाहेर पडताना त्यांना अटक झाली. तिथून सिलोन.

जूनच्या अखेरीस धक्क्यावर उभे राहा. ‘नॉर्थब्रूक’ बोटीतून नवा राजा उतरतो आहे. फैसल हिजाझचा, इस्तंबूलमध्ये वाढलेला, उस्मानी संसदेत जेद्दाचा प्रतिनिधी राहिलेला, मग तुर्कांविरुद्ध लढलेला, गेल्या वर्षी चार-पाच महिने सीरियाचा राजा आणि फ्रेंचांनी हाकललेला. इराकमध्ये त्याने याआधी पाऊल ठेवलेलं नाही. त्याच्याभोवतीचे अधिकारी, नूरी सईद किंवा जाफर अल-अस्करी, इस्तंबूलच्या लष्करी शाळेत शिकलेले. यांपैकी एकालाही कोणी म्हणत नाही की तू कालपर्यंत वेगळा होतास. सार्वमतात ९६ टक्के मतं राजाच्या बाजूने पडल्याचं जाहीर होतं आणि २३ ऑगस्टला बगदादमध्ये राज्यारोहण होतं. लाल फेझ टोप्या हळूहळू कमी होतात, काळी फैसली टोपी येते. तुम्हीही एक घेता.

आता आईच्या पेटीकडे वळू. १९२४ मध्ये नागरिकत्वाचा कायदा येतो. ६ ऑगस्टला इराकमध्ये राहत असलेली उस्मानी प्रजा त्या दिवसापासून इराकी. राजा, मंत्री, सेनाधिकारी, सगळे या दारातून आत. तुमच्याकडे उस्मानी कागद नाही. तुम्हाला दुसरं कलम आहे: जन्म इराकचा, वडिलांचाही जन्म इराकचा, म्हणून तुम्हीही इराकी. कारकून सभ्य माणूस आहे, शिक्का मारून देतो. फक्त मूळ कोणतं त्या जागी इराणी असं लिहितो. तुम्ही म्हणता, आम्ही अरबीच बोलतो. तो म्हणतो, कागदावर जे आहे ते लिहितोय.

या नोंदीचं वजन १९२७ मध्ये लोकांना पहिल्यांदा जाणवतं. नजफच्या विद्वान घराण्यातला एक तरुण कवी, मुहम्मद महदी अल-जवाहिरी, शिक्षक म्हणून नेमला जातो, आणि शिक्षणखात्याचे प्रमुख साती अल-हुस्री त्याच्या नागरिकत्वावर बोट ठेवतात. हुस्री स्वतः येमेनमध्ये जन्मलेले, उस्मानी नोकरीत मोठे झालेले, त्यांच्या अरबीला तुर्की वळण होतं; अरब राष्ट्रवादाचे ते मोठे शिक्षक. जवाहिरी पुढे अरबी भाषेतला विसाव्या शतकातला एक थोर कवी ठरला. अरबपण कोणाचं किती, हे त्या दिवशी कवितेने ठरलं नाही, दाखल्याने ठरलं.

१ एप्रिल १९३२ ला दिनार येतो; सव्वातेरा रुपयांहून किंचित जास्त म्हणजे एक दिनार. लोक मात्र चार फिल्सच्या नाण्याला आणाच म्हणत राहतात. ऑक्टोबरमध्ये इराक स्वतंत्र देश म्हणून राष्ट्रसंघात जातो. तुमचं वय पन्नाशीकडे झुकलं आहे, मुलं इराकी शाळेत इराकचं गाणं म्हणतात आणि मनापासून म्हणतात. तेही खरंच आहे. तो देश वरून लादला गेला असेल, पण त्यांनी तो आपलासा केला. त्यांच्या सैन्यात नोकरी केली, रुग्णालयात काम केलं, बागा वाढवल्या.

यापुढे तुम्हाला बघायचं नाही, तरी सांगतो. ७ मे १९८० ला बगदादच्या सत्ताधारी मंडळाने ६६६ क्रमांकाचा ठराव केला. परकीय मुळाच्या ज्या इराकी माणसाची निष्ठा संशयास्पद वाटेल त्याचं नागरिकत्व काढून घ्यायचं. मूळ कोणाचं परकीय, हे १९२४ च्या कारकुनांनी लिहून ठेवलेलंच होतं. हजारो कुटुंबं ट्रकमध्ये घालून इराणच्या सीमेवर सोडली. घरं, दुकानं, पदव्या जप्त. लष्करी वयाची मुलं मागे तुरुंगात ठेवली आणि त्यांतली पुष्कळ पुन्हा दिसलीच नाहीत. सप्टेंबरमध्ये दोन्ही देशांचं युद्ध पेटलं आणि मोहम्मरा, म्हणजे खुर्रमशहर, पहिल्या काही आठवड्यांतच पडलं. मुलाला सुलतानाच्या सैन्यापासून वाचवायला आजोबांनी घेतलेल्या कागदामुळे तुमचा नातू पकडला गेला.

२००६ च्या कायद्याने तो ठराव रद्द केला. परत येऊन नागरिकत्व मागणाऱ्यांकडे सरकार १९५७ च्या जनगणनेतली घराण्याची नोंद मागतं. ज्यांची घरं कागदपत्रांसकट जप्त झाली होती, त्यांच्याकडे ती मागितली जाते आहे.